मूठभर कोंडा

मेधाचा पहिला मांडा खापरावर पडला तेव्हा मी चुलीपुढे बसून सरपणाला कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होते.

"वहिनी, पडला! बघा ना, पडला!"

बघण्यासारखा होताच. चांगला परातीएवढा, पातळ, आतलं पुरण पिवळं दिसत होतं. कुठे चीर नाही, भोक नाही. होळीचा दिवस होता. परसात चूल धडधडत होती आणि शेजारच्या भागाबाई कमरेवर हात ठेवून मुद्दाम बघायला आल्या होत्या.

"काय व जिजी, पुण्याची पोर नि असा मांडा!" असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. "तुले किती वरीस झाले व कुमुद?"

"सहा," मी म्हटलं.

"सहा," भागाबाईंनी मान हलवली. कुणी गेल्याचं कळल्यावर हलवतात तशी.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. माघात विहिरीच्या ओट्यावरून पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्या पाटावर बसायच्या आणि नुसत्या तोंडाने शिकवायच्या. मेधा, माझी धाकटी जाऊ, ते ऐकूनच शिकली होती. पंधरा दिवसांत.

मी हातातली पऱ्हाटी मोडली. जरा जोरातच मोडली असेन, कारण जिजींनी वळून पाहिलं.

मी गुहागरची. आमच्याकडे गहू म्हणजे आजाऱ्याला पोळी करण्यापुरता. माझे यजमान तिकडे शाळामास्तर होते, तिथेच आमचं जमलं. लग्नानंतर वर्षभरात त्यांची बदली चोपडा तालुक्यात, त्यांच्याच गावी झाली आणि मी समुद्र सोडून तापीकाठी आले. कळण्याची भाकरी मी महिन्याभरात शिकले. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात ती. अशी शिकले की जिजी पाहुण्यांना सांगायच्या, "भाकर खावी तर मोठीच्या हातनी." शेवभाजी शिकले, वांग्याचं भरीत शिकले. सगळं जमलं. मांडे मात्र जमले नाहीत.

मांडे लाटत नाहीत. पिठाच्या दोन पुऱ्यांत पुरण भरायचं, कडा दाबायच्या, पोळपाटावर थोडं वाढवायचं आणि मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायचं. मग या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत मोठं करत न्यायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झेपेत टाकायचं. जिजी करायच्या तेव्हा ते पीठ त्यांच्या हातांवर आपोआप मोठं होत जायचं. माझ्या हातावर आलं की दोनदा फिरे आणि तिसऱ्यांदा फाटे. पुरण मनगटावरून ओघळून चुलीत पडे आणि साखर जळल्याचा वास सगळ्या आळीला सांगे, की कुमुदचा मांडा गेला.

बरं, मी हातपाय गाळून बसले होते असंही नाही. दुपारी घर झोपलं की मी ओला पंचा घेऊन मागच्या पडवीत उभी राहायची आणि तो हातांवर फिरवायची. दोन्ही दंडांवर खापराचे चटके होते. लग्नातले फोटो पाहिले की मला आधी माझे न भाजलेले हात दिसायचे. आखाजी, होळी, पोळा, कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, दर वेळी मी पदर खोचून उभी राहायची आणि दर वेळी फाटायचा.

ते फाटके मांडे खायचे आप्पा, माझे सासरे. पंगत संपली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायचे आणि म्हणायचे, "आण व कुमुद, तुन्हा कारखान्याचा माल आण." मी शरमेने चिंध्या ताटात टाकायची. ते वाटीभर दुधात कुस्करून सगळं संपवायचे. "चव तीच शे," एवढंच म्हणायचे. सहा वर्षांत त्यांनी माझा फाटलेला एकही मांडा गायीला जाऊ दिला नाही.

कार्तिकात आप्पा गेले. दिवस झाल्यावर धाकट्या दिरांना, प्रमोदला, कंपनीने आठ महिन्यांसाठी जमशेदपूरला पाठवलं. मेधा पुण्यात एकटी काय करणार, म्हणून ती जिजींच्या सोबतीला इथेच राहिली. दीड वर्षाचं लग्न. आप्पांना तिने मोजून दोनदा पाहिलं होतं, एकदा लग्नात आणि एकदा दिवाळीत.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पहिले तीन महिने आवडली. तिला काहीच येत नव्हतं, तोवर आवडली.

होळीनंतर ती जिजींची सावली झाली. जिजी कधी कुणाचं तोंडावर कौतुक करणाऱ्या नव्हत्या, पण आता दळण ओलवताना "मेधा", डाळ निवडताना "मेधा". पुरण वाटताना मलाच म्हणायच्या, "कुमुद, तिले बोलाव व, तिले दखू दे." मी बोलवायला जायची. एकदा अशीच गेले तर ती पडवीत ओला पंचा हातांवर फिरवत उभी. माझाच पंचा, माझी जागा, माझी दुपार. ती वेळही तिने घेतली.

"वहिनी, तुम्ही पण असंच करता ना? मी पाहिलं होतं," ती हसून म्हणाली. "म्हटलं आपणही करून बघावं. किती छान युक्ती आहे!"

माझ्या सहा वर्षांच्या मेहनतीला ती युक्ती म्हणाली. त्या दिवशी मी तिच्या चहात साखर घातली नाही. पिऊन "छान झालाय" म्हणाली.

चैत्रात एक गोष्ट झाली. सकाळी लवकर मी एकटी भाजी चिरत होते. मेधा मागून कधी आली ते कळलं नाही.

"वहिनी, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

विळीवरचा माझा हात थांबला. गवारीची शेंग डाव्या हातात होती. मी ती उजव्या हातात घेतली.

"नाही."

"अहो, पण आत्ता..."

"नाही म्हटलं ना."

लहानपणी माझ्या आईने माझा डावा हात वर्षभर पदराच्या काठाने बांधून ठेवला होता. डावरी मुलगी, तिच्या हातचा नैवेद्य कोण घेणार, सासरी कोण घेणार? लिहायला, वाढायला, हळदीकुंकू लावायला मी उजवा शिकले. एकटी असले की तेवढा डावा पुढे यायचा. सासरी हे कुणाला माहीत नव्हतं, यजमानांनासुद्धा नीटसं नव्हतं. आणि ते कळलं कुणाला, तर हिला. मला वाटलं, ही आता जिजींना सांगणार. चार दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने सांगितलं नाही. ते मनात ठेवलं म्हणून तिचा जास्तच राग आला.

वैशाखात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात घराघरांत गेलेल्यांच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात, पान वाढतात. आप्पा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. त्यांची पहिली घागर, त्यांचं पहिलं पान. त्या पानावर मांडा हवाच, आणि तो घरच्या सुनेच्या हातचा हवा. जिजींचं प्लास्टर निघालं होतं, पण हातात जोर नव्हता. तांब्यासुद्धा डाव्या हाताने उचलायच्या.

आदल्या दिवशी सकाळी मी धीर करून त्यांच्याजवळ गेले.

"जिजी, आप्पांच्या पानावरचा मांडा मी करू?"

त्या घागर धूत होत्या. थांबल्या.

"फाटेल तं?"

"नाही फाटणार."

"पितरांच्या पानावर फाटका मांडा ठेवत नाहीत, कुमुद."

"आप्पा तर माझे फाटकेच..."

"ते जित्ते व्हते," जिजी म्हणाल्या. मग घागर पालथी घालून म्हणाल्या, "मेधा करी. तू पीठ गाळ. तुन्ह्यासारखं पीठ कुणी गाळत नही."

त्यांनी माझ्या हातात धोतर दिलं. आप्पांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आमच्याकडे मांड्यांचं पीठ चाळणीने चाळत नाहीत, धोतरातून गाळतात, वस्त्रगाळ. कोंड्याचा एक कण राहिला तरी मांडा ताणला की त्या जागी भोक पडतं आणि भोकापासून चीर जाते. सहा वर्षं मीच ते काम करत होते. स्वतःचा मांडा फाटायचा, तरी जिजींच्या मांड्यांचं पीठ मीच गाळायची.

दुपारी घर झोपलं. मी पडवीत परातीवर धोतर बांधलं आणि हाताने पीठ फिरवू लागले. पांढरं पीठ खाली पडत होतं. वर तपकिरी कोंडा साठत होता. पलीकडच्या खोलीत मेधा जिजींच्या हाताला तेल लावत होती आणि जिजी हसत होत्या. आप्पा गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. काय सांगत होती ती, ते ऐकू येत नव्हतं. मी कान देऊन बसले. जिजी पुन्हा हसल्या.

मी धोतर सोडलं. वर राहिलेल्या कोंड्यातला मूठभर उचलला आणि परातीत टाकला. बोटांनी कालवला. बारीक कोंडा, पिठात दिसेनासा झाला. पीठ डब्यात भरून झाकलं, हात धुतले आणि वाती वळायला बसले. मला चांगलं आठवतं, वाती नीट झाल्या.

आखाजीच्या सकाळी मेधाने पीठ भिजवलं, तिंबलं, ओल्या फडक्याखाली ठेवलं. तिला वस्त्रगाळ पिठाचा स्पर्श अजून ओळखू येत नव्हता. ती दर वेळी मी गाळलेलंच पीठ घ्यायची, विश्वासाने. दहाच्या सुमाराला चूल पेटली. खापर तापलं. भागाबाई आल्याच, त्यांच्याबरोबर आणखी दोघी. ओसरीवर यजमान घागरीला सूत गुंडाळत होते.

पहिला मांडा मेधाने हातांवर घेतला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. तिसऱ्यांदा मधोमध चर्रकन फाटला.

"असू दे, पहिला फाटस," जिजी म्हणाल्या.

दुसरा फाटला. तिसऱ्याला कोपरापाशी भोक पडलं आणि पुरण चुलीत गेलं. तो ओळखीचा जळका वास आला. या वेळी तो माझा नव्हता. काय सांगू, मला बरं वाटलं. अंगावरून गार वारा गेल्यासारखं बरं वाटलं. चौथा फाटला तेव्हा माझं बरं वाटणं तिथेच थांबलं. कारण जिजी पाटावरून उठल्या होत्या.

त्यांनी डाव्या हाताने फाटलेल्या पिठाचा तुकडा उचलला. अंगठा आणि बोटात घेऊन ताणला. उजेडाकडे धरला. मग दातांखाली चावला.

"पीठ कोणी गाळलं?" त्यांनी विचारलं.

आदल्या दिवशी धोतर त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं होतं. ते त्या विसरणाऱ्या नव्हत्या. मला वाटलं, आता या सगळ्यांच्या समोर माझं नाव घेणार.

"मी," मेधा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची बोटं हातातल्या पिठात होती आणि ती त्यातले कण चाचपत होती. तिला कळलं होतं. आत्ता, चौथ्या मांड्यानंतर कळलं होतं.

"वहिनींना काल खूप काम होतं," ती म्हणाली. "म्हणून मीच घाईघाईत गाळलं. चुकलं माझं."

भागाबाईंनी जीभ चावली. जिजी मेधाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. खापराखालचा जाळ मंद झाला तरी कुणी पऱ्हाटी सारली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तू बाजूला हो. आते कुमुद करी."

"मी दुसरं पीठ गाळते," मी पुटपुटले. "तासाभरात..."

"वेळ नही. ह्याच पिठाचा कर."

आप्पांच्या पानाचा मान मला मिळाला होता, तो असा. मीच नासवलेल्या पिठाचा. आणि ती बाजूला होऊन माझ्यासमोर, चुलीच्या पलीकडे, पाटावर बसली. जे तिने केलं ते मी कधी केलं नसतं, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. मांडे तर तिला येतच होते. आता हेही तिला यावं! त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा होळीच्या दिवशीही वाटला नव्हता.

मी पदर खोचला. पुरण भरलं, कडा दाबल्या, हातांवर घेतलं. फाटला.

पुन्हा घेतलं. फाटला. ओसरीवरून यजमान म्हणाले, "झालं का? बारा वाजायला आले." भागाबाई दुसरीच्या कानाला लागल्या. तिसरा हातावर येतो न येतो तोच गेला, आणि कढत पुरण माझ्या मनगटावर पडलं. आता फडक्याखाली तीन मांड्यांपुरतं पीठ उरलं होतं.

तेव्हा मेधाने समोरून हळूच आपला डावा हात उचलला. गुडघ्यावर ठेवला आणि बोटांनी दोनदा वाजवला. भागाबाईंना वाटलं असेल, पोर अस्वस्थ झाली आहे. मला कळलं. मी मान हलवून नाही म्हटलं. पितरांचा स्वयंपाक, आणि डाव्या हाताने? जिजींच्या समोर?

तिने पुन्हा बोटं वाजवली. मग हातावर पीठ असल्यासारखे दोन्ही हात जरासे फिरवले, आधी डावा पुढे, मग उजवा मागून. मी करत होते त्याच्या नेमकं उलट. जिजींनी मला सहा वर्षं शेजारी बसवून शिकवलं होतं, उजवा पुढे, डावा मागे.

मी जिजींकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी पाठ वळवली.

"धूर झाला व," त्या म्हणाल्या आणि फुंकणी घेऊन चुलीशी वाकल्या. धूर मुळीच झाला नव्हता.

मी पीठ उचललं आणि डावा हात पुढे घातला.

काय झालं ते नीट सांगता येत नाही. सहा वर्षं मी ज्या पिठाच्या मागे धावत होते ते पहिल्यांदा माझ्या हातावर बसलं. फिरलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा ताणायला गेले आणि कोंड्याने दगा दिला. भोक पडलं, चीर गेली. पण चौथ्यांदा! भागाबाई पुढे सरकल्या.

दुसऱ्या वेळी मी ताणायचा मोह आवरला. बोटांना कोंडा लागत होता, कुठे जाड आहे, कुठे कच्चं आहे ते लागत होतं. मीच टाकला होता, मलाच तो सांभाळून न्यायचा होता. डावा पुढे, उजवा मागे, हलके, अजून हलके. जिजींच्या निम्म्याही आकाराचा झाला नाही. तेवढ्यावर थांबले आणि डाव्या हाताने खापरावर टाकला.

पडला.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही. उलटला, भाजला, उतरवला. ताटलीएवढा होता, जाडसर, एका बाजूला वाकडा. पण फाटला नव्हता. त्याच्या अंगावर कोंड्याचे तपकिरी ठिपके मात्र इथून तिथून स्पष्ट दिसत होते.

जिजींनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घडी घालून आप्पांच्या पानावर ठेवला. वर तुपाची धार सोडली. तूप ठिपक्यांवरून ओघळलं. मी आप्पांच्या घागरीला नमस्कार केला, पण मान वर करून पानाकडे पाहवलं नाही.

संध्याकाळी पाहुण्या गेल्या. मेधा वर गच्चीवर वाळवणं उतरवायला गेली होती. मी परसात खापर उचलून ठेवत होते. जिजी पायरीवर बसल्या होत्या, दुखरा हात मांडीवर घेऊन.

"जिजी," मी म्हटलं, "कोंडा मी टाकला होता."

"माले म्हाईत शे."

"मेधाने गाळलंच नव्हतं पीठ."

"तेबी म्हाईत शे. धोतर तुलेच दिलं व्हतं ना?"

"मग सगळ्यांसमोर विचारलंत कशाला?"

"तू सांगशील वाटलं," जिजी म्हणाल्या.

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "कोंडा काय तू कालच टाकला व? होळीपासून टाकी ऱ्हायनी. काल पिठात टाकला, इतलंच."

"आणि माझा हात? डावा?"

"तुन्ही भाजी चिरेल दखली की मालेबी कळस. डाव्या हातनी चिरेल फोड उलटी तिरपी ऱ्हास."

"मग सहा वर्षं सांगितलं का नाही?"

जिजींनी आपलं मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं.

"माले वाटे, पितरांना चालणार नही," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले, मीच डाव्या हाताने देवाले फूल वाहस. काही व्हयनं नही."

मग उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार दिला आणि म्हणाल्या, "मेधाले भाकर येत नही. तिले शिकव."

या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. पुढचं सांगितलं नाही तर हे सगळं सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवसापासून मेधा भाकरी शिकायला माझ्याशेजारी बसली. आदल्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही, मीही बोलले नाही. माफी मागायचं मनात होतं. पण तिची पहिली भाकरी थापता थापता चिरली, तव्यावर जाताना तिचे दोन तुकडे झाले आणि माझ्या मनात काहीतरी गोड झालं. ते दाबता येईना. ज्वारीचं पीठ गार पाण्यात कितीही मळा, ते धरत नाही. उकळतं पाणी घालावं लागतं, मग पिठाला चिकटपणा येतो. इथली पाच वर्षांची पोरगीही हे जाणते. पुण्याच्या मेधाला ते माहीत नव्हतं. मी तिच्यासमोर गार पाण्याचा तांब्या ठेवत होते, आणि माझं पीठ मात्र ती यायच्या आधी मळून ठेवत होते.

आठ दिवस ती तुकडे करत होती. आठ दिवस म्हणत होती, "वहिनी, तुमच्या हाताला काय गुण आहे हो!" जिजी पाटावर बसून हे सगळं बघत होत्या. एकदाही तोंड उघडलं नाही. त्या तशाच होत्या, वाट बघत बसायच्या.

ते तुकडे कुणी खायचे, हा प्रश्न होता. आप्पा असते तर उंबऱ्याशी पाट टाकून बसले असते. आठव्या दिवशी दुपारी पाहते तर मेधा एकटीच उंबऱ्याशी बसली होती, आणि स्वतःच्या भाकरीचे तुकडे वाटीभर दुधात कुस्करून खात होती. आप्पांची सवय तिला कुणी सांगितली असेल का, माहीत नाही. बहुतेक नसेलच. टाकवत नव्हते म्हणून खात होती.

"चव तीच आहे," ती माझ्याकडे पाहून ओशाळी हसली.

नवव्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. उकळी आल्यावर मेधाला हाक मारली, परातीत पीठ घेतलं, मधे आळं केलं आणि तिच्या देखत उकळतं पाणी ओतलं.

तिने वाफेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सगळं कळलं तिला, तिला नेहमीच कळायचं.

"भाजेल," मी म्हटलं. "आधी मी घालते हात."

आणि मी डावा हात परातीत घातला.